नारायण मेघाजी लोखंडे

नारायण मेघाजी लोखंडे (इ.स. १८४८ – ९ फेब्रुवारी, इ.स. १८९७) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी कामगार पुढारी, पत्रकार आणि सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. भारतीय कामगार चळवळीचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो. महात्मा जोतीराव फुले यांचे ते निकटचे सहकारी होते. 'दीनबंधू' या साप्ताहिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले आणि इ.स. १८८४ मध्ये मुंबईत बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून देण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, ही मागणी त्यांनी इ.स. १८८४ मध्येच सरकारपुढे मांडली होती. मुंबईतील प्लेगच्या साथीत रुग्णांना मदत करीत असताना त्यांना त्याच रोगाची लागण झाली आणि त्यांचा मृत्यू झाला.

प्रारंभिक जीवन

लोखंडे यांचा जन्म इ.स. १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर या गावचे. घराणे फुलमाळी समाजातील असून घरची परिस्थिती बेताची होती. ठाण्यात माध्यमिक शिक्षण झाल्यानंतर त्यांना पुढे शिकता आले नाही. सुरुवातीला त्यांनी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी केली. त्यानंतर ते मुंबईतील मांडवी कापड गिरणीत भांडारपाल म्हणून रुजू झाले.

या नोकरीमुळे गिरणीच्या आतील जीवन त्यांना रोज जवळून पाहता आले. भांडारपालाचे काम लिखापढीचे असते. त्यामुळे कामगारांची हजेरी, खाडे, दंड आणि थकलेला पगार या गोष्टी त्यांना आतून ठाऊक झाल्या. पुढील काळात त्यांनी मांडलेल्या मागण्या मोजक्या आणि नेमक्या होत्या. त्यामागे हा अनुभव होता.

सत्यशोधक समाज आणि दीनबंधू

जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यानंतर मुंबईतही समाजाचे काम सुरू झाले. मुंबईतील तेलुगू भाषक बांधकाम व्यावसायिक आणि मराठी कष्टकरी वर्ग यांचा या कामाला मोठा आधार होता. लोखंडे याच काळात सत्यशोधक समाजाकडे आले आणि लवकरच त्यांची गणना मुंबईतील प्रमुख कार्यकर्त्यांत होऊ लागली.

समाजाच्या विचारांचा प्रसार करण्यासाठी कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' हे साप्ताहिक सुरू केले. पैशाच्या अडचणींमुळे ते पुण्यात चालवणे कठीण झाले. इ.स. १८८० मध्ये लोखंडे यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने ते मुंबईत आणले आणि त्याचे संपादकपद स्वीकारले. मृत्यूपर्यंत ते या पत्राशी जोडलेले राहिले. शेतकरी, गिरणी कामगार आणि कारागीर यांचे प्रश्न 'दीनबंधू'मध्ये सातत्याने मांडले जात.

फुले आणि लोखंडे यांचे प्रत्येक बाबतीत एकमत होते असे नाही. फुले यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची सुरुवातीची दोन प्रकरणे 'दीनबंधू'ने छापली, पण पुढील भाग छापला नाही. सरकारी धोरणावरील कठोर टीका छापण्यास लोखंडे धजले नाहीत, याची फुले यांना नाराजी होती. तरीही दोघांचे सहकार्य टिकून राहिले. ११ मे १८८८ रोजी मुंबईतील मांडवी कोळीवाडा येथे झालेल्या सभेत जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. त्या समारंभासाठी पुढाकार घेणाऱ्यांत लोखंडे होते.

गिरणी कामगारांची स्थिती

मुंबईत कापडगिरण्यांची सुरुवात इ.स. १८५० च्या दशकात झाली. पुढील तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी आणि आसपासच्या भागांत गिरण्यांची संख्या वाढत गेली. कामगारांत रत्नागिरी, सातारा आणि पुणे या जिल्ह्यांतून आलेल्यांचा मोठा भरणा होता. त्यांचा गावाशी संबंध तुटलेला नसे. पेरणी, सुगी, लग्नकार्य किंवा आजारपण यांसाठी ते गावी जात आणि पुन्हा कामावर येत.

विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या साधारणपणे सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस अधिक लांबत असे. ठरावीक साप्ताहिक सुट्टी नव्हती. काही मोजक्या सणांना गिरण्या बंद राहत. ज्या रविवारी यंत्रे थांबत, त्या रविवारीही साफसफाईसाठी कामगारांना बोलावले जाई. दुपारी जेवणासाठी निश्चित वेळ नसे. यंत्र चालू असतानाच शेजाऱ्याला लक्ष ठेवायला सांगून घास खावा लागत असे.

नेमणूक आणि बडतर्फी प्रामुख्याने जॉबरच्या किंवा मुकादमाच्या हाती होती. गैरहजर कामगाराच्या जागी 'बदली' कामगार उभा केला जाई. आजारी पडलेल्या माणसाचा त्या दिवसाचा पगार बुडे आणि परत आल्यावर जागा मिळेलच याची खात्री नसे. महिना संपल्यानंतर कित्येक दिवसांनी पगार होत असे. न सांगता काम सोडणाऱ्याला मागे राहिलेली रक्कम गमवावी लागे. मालकांच्या दृष्टीने कामगाराला कामावर बांधून ठेवण्याचे हे एक साधन होते. घरी कोणी आजारी असल्याने गावी निघालेल्या माणसालाही याच नियमाचा फटका बसे.

भारतातील पहिला कारखाना कायदा इ.स. १८८१ मध्ये झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी घातली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घालून महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच तो होता. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाचे तास, सुट्टी किंवा पगार यांविषयी त्यात तरतूद नव्हती.

अशा कायद्याला त्या काळी व्यापक विरोध होता. इंग्लंडमधील लँकेशायरचे गिरणीमालक भारतीय स्पर्धेला आळा घालण्यासाठी या कायद्यांचा आग्रह धरीत आहेत, असे भारतीय मालक आणि पुण्या-मुंबईची अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रे म्हणत. या आरोपात तथ्य होते. लँकेशायरच्या मालकांचा हितसंबंध उघड होता. लोखंडे यांनी मात्र वेगळी भूमिका घेतली. कायद्याची मागणी कोणाच्या हिताची आहे यापेक्षा त्यातून कामगाराला काय मिळते, हा प्रश्न त्यांनी 'दीनबंधू'तून पुढे आणला. मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसलेला विसावा कामगाराला कायद्यानेच मिळू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते.

इ.स. १८८४ च्या मागण्या

इ.स. १८८४ मध्ये मुंबई सरकारने कारखाना कायद्याच्या अंमलबजावणीचा विचार करण्यासाठी एक आयोग नेमला. आयोगापुढे कामगारांची बाजू मांडली जावी म्हणून लोखंडे यांनी सप्टेंबर महिन्याच्या २३ व २६ तारखांना परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या. बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनची स्थापना याच सभांच्या वेळची मानली जाते. सभांत संमत झालेल्या मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या.

अर्जातील मागण्या पुढीलप्रमाणे होत्या:

१. सर्व कामगारांना दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी मिळावी.

२. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी.

३. काम सकाळी साडेसहा वाजता सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला बंद व्हावे.

४. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत दिला जावा.

५. कामावर असताना गंभीर इजा होऊन कामगार काम करण्यास असमर्थ झाल्यास तो बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची योग्य सोय केली जावी.

यांतील पाचवी मागणी विशेष महत्त्वाची आहे. पहिल्या तीन मागण्या कामाच्या वेळेविषयी होत्या आणि चौथी पगाराच्या तारखेविषयी. पाचव्या मागणीत मात्र, ज्या दिवशी कामगार काम करू शकत नाही त्या दिवसाचाही पगार त्याला मिळाला पाहिजे, हे तत्त्व सांगितले होते. आजच्या भरपगारी वैद्यकीय रजेचा आणि अपघात भरपाईचा मूळ विचार त्यात दिसतो. भारतात तेव्हा असा कोणताही कायदा नव्हता.

या मागणीची व्याप्ती मर्यादित होती, हेही लक्षात घ्यावे लागते. ती यंत्रावर झालेल्या इजेपुरती होती. ताप, पटकी, देवी यांसारखे आजार, बाळंतपण किंवा घरातील आजारी माणसाची शुश्रूषा यांचा तिच्यात उल्लेख नव्हता. कामावर झालेल्या इजेची जबाबदारी मालकावर टाकता येत होती. साथीच्या रोगात कामगाराच्या पगाराची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अद्याप कोणी उपस्थित केला नव्हता.

आयोगाने कामगारांच्या म्हणण्याची नोंद घेतली, पण या मागण्यांवर तातडीने कायदा झाला नाही.

रविवारची सुट्टी

पुढील काही वर्षे लोखंडे यांनी सभा, अर्ज आणि 'दीनबंधू'मधील लेखन या मार्गांनी साप्ताहिक सुट्टीची मागणी चालू ठेवली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर कामगारांची मोठी सभा झाली. तिला सुमारे दहा हजार कामगार उपस्थित होते. या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. स्त्रियांनी जाहीर सभेत बोलणे त्या काळात अपवादात्मक होते. साप्ताहिक सुट्टीच्या मागणीचा अर्ज सभेत संमत करून गिरणीमालकांच्या संघटनेकडे पाठवण्यात आला.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने ही मागणी मान्य केली. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची साप्ताहिक सुट्टी सुरू झाली ती या निर्णयाने. रविवार हा महाराष्ट्रात खंडोबाचा वार मानला जातो. जेजुरीच्या खंडोबाला कुलदैवत मानणाऱ्या कामगारांना त्या दिवशी देवधर्म आणि घरची कामे करता यावीत, असाही युक्तिवाद लोखंडे यांनी केल्याचे त्यांच्या चरित्रपर लेखनात आढळते.

भारतात रविवारची सुट्टी लोखंडे यांच्यामुळे सुरू झाली, असे विधान अनेकदा केले जाते. ते काटेकोरपणे पाहिले पाहिजे. सरकारी कचेऱ्या त्यापूर्वीही रविवारी बंद असत. लोखंडे यांच्या प्रयत्नांचे फळ गिरणी कामगारांच्या सुट्टीच्या रूपाने मिळाले. शिवाय ही सुट्टी आजच्या अर्थाने भरपगारी नव्हती. तुकड्याच्या दराने काम करणाऱ्याला काम नसलेल्या दिवसाचे काहीच मिळत नसे. तरीही आठवड्यातील एक दिवस कामगाराचा स्वतःचा असतो, हे तत्त्व या निर्णयाने मालकांनी मान्य केले.

कारखाना आयोग आणि इ.स. १८९१ चा कायदा

सप्टेंबर १८९० मध्ये भारत सरकारने नवा कारखाना आयोग नेमला. कामगारांच्या प्रश्नावर त्याच वर्षी बर्लिन येथे आंतरराष्ट्रीय परिषद झाली होती. त्यामुळे ब्रिटिश सरकारवरही दबाव होता. या आयोगात सोराबजी शापूरजी बंगाली हे सदस्य होते. त्यांनी इ.स. १८७८ पासून कारखाना कायद्यासाठी प्रयत्न केले होते. आयोगाच्या मुंबईतील कामकाजासाठी लोखंडे यांना स्थानिक सदस्य म्हणून घेण्यात आले. कामगारांच्या प्रतिनिधीला सरकारी चौकशीत असे स्थान मिळणे ही त्या काळी नवी गोष्ट होती.

आयोगाच्या अहवालानंतर इ.स. १८९१ चा सुधारित कारखाना कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १८९२ पासून तो अमलात आला. पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना तो लागू झाला. त्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती यांना कायद्याचा आधार दिला. स्त्रियांच्या कामासाठी अकरा तासांची मर्यादा आली आणि त्यांना दीड तासाची विश्रांती मिळाली. नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई झाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम सात तासांवर आणले गेले.

इ.स. १८८४ च्या पाच मागण्यांपैकी पहिल्या दोन अशा रीतीने कायद्यात उतरल्या. प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास, पगाराची तारीख आणि जखमी कामगाराचा पगार हे प्रश्न मात्र तसेच राहिले.

इतर सामाजिक कार्य

लोखंडे यांचे कार्य गिरण्यांपुरते मर्यादित नव्हते. विधवांच्या केशवपनाची प्रथा बंद पडावी म्हणून इ.स. १८९० च्या सुमारास त्यांनी मुंबईतील न्हावी समाजाला संघटित केले. विधवांचे केस काढण्याचे काम आपण करणार नाही, असा निर्णय न्हाव्यांच्या सभेत घेण्यात आला. एका सामाजिक रूढीविरुद्ध कामगारांनी आपले काम नाकारण्याचे हे लक्षणीय उदाहरण होते.

इ.स. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. तिच्यानंतर दोन्ही समाजांत सलोखा निर्माण करण्याच्या प्रयत्नांत लोखंडे यांनी भाग घेतला. गिरण्यांच्या वस्तीत दोन्ही धर्मांचे कामगार शेजारी राहत असल्याने या कामाला महत्त्व होते. त्यांच्या सार्वजनिक कार्याबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली आणि जस्टिस ऑफ द पीस म्हणून नेमले.

प्लेगची साथ आणि मृत्यू

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. दाट वस्ती, ओलसर चाळी आणि धान्याची गोदामे यांमुळे रोग झपाट्याने पसरला. महानगरपालिकेने ऑक्टोबरमध्ये रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार आपल्याकडे घेतले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, अशी भीती कामगारवस्तीत पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. त्यानंतर सक्तीचे नियम काहीसे सौम्य करण्यात आले.

लोकांनी शहर सोडण्यास सुरुवात केली. इ.स. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यांपैकी जवळपास निम्मे लोक बाहेर पडल्याचे अंदाज आहेत. गिरणी कामगार कोकणात आणि देशावर आपल्या गावी परतले. जाणाऱ्याचा पगार बुडत होता, तर राहणाऱ्याचा जीव धोक्यात होता. घरातील माणूस आजारी पडल्यास त्याच्याजवळ थांबावे की कामावर जावे, या पेचातून सुटण्याचा कोणताही कायदेशीर मार्ग नव्हता. रोगामुळे किंवा शुश्रूषेमुळे झालेला खाडा हा केवळ खाडाच समजला जाई.

कामगारांची टंचाई झाल्यावर परिस्थिती काही काळ उलटली. गिरण्यांत राहिलेल्या कामगारांनी महिन्याअखेरची वाट न पाहता रोजच्या रोज पगार मागितला आणि अनेक गिरण्यांना तो द्यावा लागला. माणसे मिळवण्यासाठी गिरण्यांत चढाओढ लागली. जे इ.स. १८८४ मध्ये सह्यांच्या अर्जाने मिळाले नव्हते, ते साथीच्या दहशतीने तात्पुरते मिळाले. साथ ओसरल्यावर मालकांनी जुनी पद्धत पुन्हा आणली.

लोखंडे या काळात मुंबईतच राहिले. त्यांनी प्लेगग्रस्त कामगारांच्या वस्त्यांत मदतीचे आणि शुश्रूषेचे काम केले. या कामात त्यांना स्वतःला प्लेगची लागण झाली. साथीचे रोग प्रतिबंधक कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झाला. त्यानंतर पाचच दिवसांनी, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी लोखंडे यांचा मृत्यू झाला. मृत्यूसमयी ते पन्नाशीच्या आतच होते.

मुंबईपाठोपाठ पुण्यातही प्लेग पसरला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचा मृत्यू झाला. सत्यशोधक चळवळीने महिनाभरात आपले दोन आघाडीचे कार्यकर्ते एकाच साथीत गमावले.

इ.स. १८९७ च्या कायद्याने सरकारला घरांची तपासणी, रुग्णांचे विलगीकरण आणि प्रवासावर निर्बंध यांचे व्यापक अधिकार दिले. विलगीकरणात ठेवलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीबद्दल त्यात तरतूद नव्हती.

मागण्यांचा पुढील प्रवास

लोखंडे यांच्या मागण्या त्यांच्या मृत्यूनंतर हळूहळू कायद्यात आल्या. इ.स. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. कामावर झालेल्या इजेबद्दल भरपाई देणारा कायदा इ.स. १९२३ मध्ये, म्हणजे परळच्या सभांनंतर सुमारे चाळीस वर्षांनी झाला. पगार ठरलेल्या तारखेपूर्वी देण्याचे बंधन इ.स. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने घातले. लोखंडे यांनी १५ तारीख मागितली होती. या कायद्याने एक हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांसाठी सातवी आणि इतरांसाठी दहावी तारीख ठरवली.

बाळंतपणाच्या रजेसाठी ना. म. जोशी यांनी इ.स. १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले, पण ते फेटाळले गेले. मुंबई प्रांतात मात्र इ.स. १९२९ मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला. त्याच्या विधेयकावरील चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला होता.

आजारपणातील पगाराचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर हाती घेतला गेला. इ.स. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून निधी उभारला. त्याखाली विमाधारक कामगाराला आजारपणात रोख लाभ मिळू लागला. पुढे त्याचे प्रमाण पगाराच्या ७० टक्के झाले. त्याच वर्षीच्या कारखाने कायद्याने, काम केलेल्या दर वीस दिवसांमागे एक दिवस या हिशेबाने वार्षिक भरपगारी रजा दिली. इ.स. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यातील रजा इ.स. २०१७ मध्ये २६ आठवड्यांपर्यंत वाढवण्यात आली. महाराष्ट्राच्या इ.स. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला आठ दिवसांची भरपगारी किरकोळ रजा दिली.

कोविड-१९ च्या साथीत इ.स. १८९७ चा कायदा पुन्हा वापरला गेला. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि त्याच आठवड्यात राज्य सरकारने हा कायदा लागू केला. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीच्या काळात कामगारांना कपात न करता पगार देण्याचा आदेश काढला. मे महिन्यात तो मागे घेण्यात आला. मालकांनी या आदेशाला दिलेल्या आव्हानात सर्वोच्च न्यायालयाने १२ जून २०२० रोजी अंतरिम आदेश दिला. त्यात मालक व कामगारांनी वाटाघाटींतून मार्ग काढावा असे सुचवले आणि मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. विम्याच्या कक्षेतील कामगारांना आजारपणाचा लाभ उपलब्ध होता. रोजंदारीवरील बांधकाम मजूर, घरकामगार आणि फेरीवाले मात्र या व्यवस्थेबाहेर राहिले. लोखंडे यांच्या काळातील कामगारांप्रमाणे त्यांच्यापैकी अनेकांनी गावाची वाट धरली.

मूल्यमापन

लोखंडे यांच्या संघटनेला आधुनिक अर्थाने कामगार संघटना म्हणावे का, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनकडे सभासदांची नोंदवही, नियम किंवा निधी नव्हता, असे तत्कालीन सरकारी अहवालांतही नमूद आहे. सभासद वर्गणी भरून चालणारी पहिली संघटना म्हणून काही लेखक इ.स. १९१८ च्या मद्रास लेबर युनियनकडे निर्देश करतात. लोखंडे यांनी संपाचा मार्ग फारसा अवलंबला नाही. अर्ज, सभा आणि वृत्तपत्र ही त्यांची साधने होती. सरकारकडून न्याय मिळेल, या विश्वासावर त्यांचे राजकारण उभे होते.

दुसरीकडे, निधी आणि नियम नसतानाही हजारो कामगारांच्या सह्या मिळवणे, मालकांच्या संघटनेला निर्णय घ्यायला लावणे आणि कायद्याच्या मसुद्यावर परिणाम घडवणे ही कामे या संघटनेने केली, हे सर्वमान्य आहे. जातिव्यवस्थेविरुद्धची सत्यशोधक भूमिका आणि कामगारांचे आर्थिक प्रश्न यांना एकत्र आणणारे ते आरंभीचे नेते होते. मुंबईत इ.स. १९१० च्या सुमारास स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या कामात ही परंपरा पुढे चालू राहिली. सीताराम केशव बोले हे त्या सभेच्या प्रमुखांपैकी होते.

दीर्घकाळ लोखंडे यांचे कार्य कामगार इतिहासात दुर्लक्षित राहिले. मनोहर कदम यांनी लिहिलेल्या मराठी चरित्रामुळे त्यांच्या कार्याकडे अभ्यासकांचे नव्याने लक्ष वेधले गेले.

स्मारके

भारतीय टपाल खात्याने ३ मे २००५ रोजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. महाराष्ट्र शासनाच्या परळ, मुंबई येथील श्रम विज्ञान संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. कामगार कायदे आणि कामगार कल्याण या विषयांचे शिक्षण देणारी ही संस्था, इ.स. १८८४ च्या सभा जेथे झाल्या त्याच परळ भागात आहे.